डिजिटल डायरीची खंडेनवमी

३ सप्टेंबर, बुधवार

बोलतेय. ऐकू जातंय का तुला? — हे मी फोनला विचारलं, तर प्रगती शेजारी बसून लोळायला लागली हसून. म्हणे आजी, त्याला विचारायचं नसतं, नुसतं बोलायचं. माईकच्या चित्रावर बोट ठेव, बोल, बोट काढ. अक्षरं तो काढतो. तारीखही आपली आपण टाकतो.

सर्जेरावानं, माझ्या लेकानं, नवा फोन घेतला आणि जुना माझ्या पदरात टाकला. प्रगती त्याची थोरली. ती म्हणाली, दिवसभर आम्हाला टोमणे मारतीस ते यात मार, आम्हाला तेवढीच सुट्टी! मग अर्धा तास बोटं चालवून सगळं जोडून दिलं. तिचंच नाव, तिचाच कसला तो पासवर्ड. माझं कुठं काय आहे त्यात घालायला.

हे पान कोण वाचणार, विचारलं. म्हणाली, तुझं आहे, तूच वाच. मला तर अक्षर येत नाही. म्हणजे आख्ख्या शिरूर तालुक्यात इतकं झाकलेलं पान दुसरं नसेल.

४ सप्टेंबर, गुरुवार

सून कालवण फार चांगलं करते. तोंडावर सांगणार नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

रविवारी रखमाजी आला होता दौंडवरून. माझा धाकटा भाऊ. रेल्वेत गार्ड होता, आता पेन्शन खातो आणि सगळ्यांना वेळेवर यायला शिकवतो. येताना रुमालात गुंडाळून काहीतरी आणलं. मला वाटलं, पेढे. निघाली डिजिटल डायरी.

चष्म्याच्या घरापेक्षा थोडी मोठी. उघडली की आत मुंगळ्यांसारखी बटणं आणि वर इवलीशी काच. नोकरीत असताना पुण्यातून घेतली होती, पंचवीसएक वर्षांपूर्वी. ड्यूटीच्या वेळा घालायचा त्यात. "तवा आख्ख्या दौंड जंक्शनात तिघांकडंच हुती," म्हणाला. मी म्हणलं, बाकीच्या दोघांनी टाकून दिली असंल, तूच ठेवलीस.

पण आणली ती प्रगतीसाठी. पोर शिरूरला नर्सिंग शिकते, शेवटचं वर्ष. कॉलेजात फोनला बंदी. वॉर्डात नाही, गावात बायका तपासायला जाताना नाही. दिसला तर मॅडम कपाटात टाकतात, तो परीक्षेनंतरच बाहेर. आणि ही तर विसराळू! माझ्या सासूवर गेलीय, ती बाई एकदा कडेवरचं पोर शोधत गावभर हिंडली होती. प्रगती सगळं तळहातावर पेनानं लिहून ठेवायची. वॉर्डात दिवसातून वीस वेळा हात धुवावे लागतात. लिहिलेलं सगळं मोरीत.

आज मॅडमनी डायरी उलटीपालटी करून बघितली म्हणे. फोटो नाही, फोन नाही, नेट नाही. "माझ्या वडिलांकडं होती अशी," म्हणाल्या आणि हसून परत दिली.

रविवारी निघताना रखमाजीनं मागचं झाकण आठ आण्यानं सरकवलं आणि सेल बदलले. दोन, गोल, चिंचोक्याएवढे. आधी एक काढून घातला, मग दुसरा. सेलाबद्दल काहीतरी बजावत होता पोरीला, तेवढ्यात एस्टी आली आणि तो पळाला. गार्डाला गाडी चुकून कसं चालेल.

१५ सप्टेंबर, सोमवार

पायांचे तुकडे पडलेत. पण बोलते.

प्रगतीला कॉलेजनं काम दिलंय. बारा गरोदर बायका घ्यायच्या, महिनाभर त्यांच्याकडं जायचं-यायचं. वजन, बीपी, रक्त, पोटातल्या बाळाचे ठोके, कुठलं इंजेक्शन झालं, काय तक्रार, काय सांगितलं. मग ते सगळं रेकॉर्ड बुकात शाईनं उतरवायचं आणि पंधरा ऑक्टोबरच्या आत द्यायचं. बारातली एक कमी असली तरी परीक्षेला बसू देत नाहीत.

भाग आपलाच मिळाला, न्हावऱ्यापासून खाली नदीकडच्या वस्त्या. जोडीच्या पोरीला कावीळ झाली. सर्जेराव म्हणाला, उसातनं एकटी फिरायची न्हाई, कुत्री हायत. म्हणून मी. पिशवी तिची, काठी माझी.

ती बाईशी बोलते, डायरी उघडते, टिकटिक करत भरते. मी तोवर माझी दोरी काढते.

ही दोरी काळ्या लोकरीची, माझीच वळलेली. मेंढरांमागं होतो तेव्हा कुठली मेंढी कधी व्यायची ते मी दोरीवर ठेवायचे. एका मेंढीला एक गाठ. जिच्यावर नजर ठेवायची तिच्या गाठीत पांढरा धागा. मेंढरं विकली, शेतात घर बांधलं, त्याला वीस वर्षं झाली. दोरी खुंटीलाच होती. आता तिच्यावर बायकांच्या गाठी पडायला लागल्या.

प्रगती म्हणाली, "आजी, बायकांना मेंढरांच्या दोरीत घालतीस व्हय?"

म्हणलं, "मेंढीला मी कवाच बाईपेक्षा कमी जपलं न्हाई. बघू, तुझं यंत्र आधी इसरतंय का माझी दोरी."

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज डायरी बरोबर दहाला ओरडली. प्रगती जेवायचं सोडून उठली — टाकीजवळच्या बाईचं इंजेक्शन! ती विसरली होती, हे विसरलं नव्हतं. जाताना मी डायरीच्या पाठीवरून हात फिरवला. मेंढीनं जुळं दिलं की फिरवते तसा.

२० सप्टेंबर, शनिवार

नदीकडच्या पडीक रानात हौसरावच्या मेंढरांचा तळ पडलाय. आपलेच लोक. आम्ही बसलो, ते अजून फिरतात. त्याची सून पूनम, वीस वर्षांची असंल, पहिलंच बाळंतपण, आठवा महिना.

मला बघून लगेच म्हणाली, "आजी, तुमी परत कवा येताय तळावर?" म्हणलं, गुडघे येतील तवा. दोरी बघून हसली. तिच्या सासूचीही अशीच आहे, राखाडी लोकरीची.

प्रगतीनं तिच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. बीपीही थोडं वर. पोर हसली नाही मग. हौसरावाला सांगितलं, मामा, हिला दवाखान्यात दाखवा. हौसराव म्हणाला, दाखवू की, जरा मेंढरं लागू द्या. मेंढरं लागायची म्हंजी चाऱ्यापाण्याला निवांत व्हायची. ती कधी लागत नाहीत. चाळीस वर्षं मी वाट बघितलीय.

प्रगतीनं परत यायचा दिवस डायरीत घातला, घंटी लावली. मी बारावी गाठ मारली आणि तिच्यात पांढरा धागा ओवला. बोलले काही नाही. पोटुशी बाईसमोर असलं बोलत नसतात.

२८ सप्टेंबर, रविवार

बाराच्या बारा डायरीत गेल्या. मी म्हणलं, आता उतरव त्या बुकात. म्हणाली, एकदम बसून उतरवते आजी, सगळं यात हाय की. आणि खिशावर थापटी मारली. दूध चुलीवर ठेवून लोक असेच बोलत बसतात.

आज कोरेगाव भीमाहून माणसं आली होती तिला बघायला. पोरगा कंपनीत आहे. बरा आहे. कान जरा मोठे. प्रगतीनं चहा दिला आणि आत येऊन भांडी अशी आपटली की पाहुण्यांनी दुसरा कप मागितला नाही.

ते गेल्यावर सर्जेराव म्हणाला, "परीक्षा दिली तर नोकरी कर, मी आडवा येनार न्हाई. पन वरीस गेलं तर मग मी थांबनार न्हाई, सांगून ठेवतो."

मी म्हणलं, तू दहावीला दोनदा आपटलास तवा आमी काय केलं रं? तो म्हणाला, लग्न केलंत माझं.

खरंच की. केलं होतं.

 प्रगती डायरी उघडून बसली. त्या बारा बायकांमागं तिची नोकरी आहे, तिचा पगार, तिची पांढरी साडी. सगळं त्या चिंचोक्याएवढ्या सेलांवर.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आज मन भरलं.

सकाळी ओट्यावर सगळी हत्यारं धुऊन मांडली. विळे, कोयता, खुरपी, पहार, माझी लोकर कातरायची जुनी कातर. सर्जेरावानं मोटरसायकलला झेंडू बांधला. प्रगतीला अचानक वॉर्डात बोलावलं होतं, ती घाईत निघाली. मी म्हणलं, डायरी ठेवून जा. जे पोट भरतं ते हत्यार. तिचं आज पूजेत असलंच पाहिजे. ती घुटमळली. मग दिली. "जपून हां, आजी."

आज हत्याराला सुट्टी. विळ्यानं भाजी चिरायची नाही, कोयता उचलायचा नाही. सून भाजी हातानं मोडून घालते आजच्या दिवशी. कुंकू लावलं, फुलं वाहिली, आणि बरोबर दहाला डायरी ओरडायला लागली. थांबली. परत ओरडली. मला कसं तरी झालं. सगळी हत्यारं निजलेली, आणि हे बिचारं आजही राबतंय.

म्हणून रखमाजीनं सरकवलं तसं आठ आण्यानं झाकण सरकवलं आणि दोन्ही सेल काढले. विड्याच्या पानावर ठेवले, हळदीकुंकवाचं बोट लावलं. पाण्याचा थेंब लागू दिला नाही. मी काय खुळी नाही. म्हणलं, नीज आता. माझ्या पोरीची लई सेवा केलीस, तुझे उपकार हायत. दोन्ही हात जोडले.

हे कुणी बघितलं नाही. सर्जेराव आणि सून मळ्यातल्या मोटारीची पूजा करायला गेले होते. उद्या सकाळी सेल पुसून परत घालीन.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सेल घातले. काच उजळली. मी खूश.

प्रगतीनं उघडली. एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. मग भराभर दाबत राहिली. यंत्र तिला आजची तारीख विचारत होतं — नव्यासारखं. आत काही नाही. एक नाव नाही, एक वजन नाही.

ती भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "आजी, सगळं गेलं. बारा बायका गेल्या."

सर्जेराव आला, सून आली. प्रगती सांगत होती, काल घाईत माझ्याच हातानं काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असंल. सर्जेरावानं कपाळाला हात लावला नाही, ओरडला नाही. नुसता म्हणाला, आता बघू. त्या "बघू"त कोरेगाव भीमा होतं, हे मला कळलं, तिलाही कळलं.

  मी उठले आणि सगळ्यांना आपट्याची पानं वाटली. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.

आता गोठ्यामागं येऊन बोलतेय. पाना, तुला सांगते, दुसऱ्या कुणाला नाही. सेल मी काढले. हत्याराला निजवायला गेले आणि त्याचा जीवच काढला. दोन खेपा उठले पोरीला सांगायला. पाय उंबऱ्यापर्यंत जातात. सत्तरीला आले, वाघराला काठीनं हाकललंय मी, आणि नातीला भ्याले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी प्रगतीनं स्वतः चहा आणून दिला, आलं घातलेला. मग पायाशी बसून माझे पाय चेपले. दोन वर्षांत चेपले नव्हते. म्हणाली, "यंत्रच जुनं हुतं, आजी. कुणाचीच चूक न्हाई." थोड्या वेळानं परत तेच म्हणाली.

 मी काय बोलले? चहा लई गोड केलास म्हणाले. असली मी.

मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "आजी, तुझी दोरी कुठंय?"

खुंटीवरून काढली. ओट्यावर बसलो. पहिली गाठ माझ्या बोटात आणि तिच्यापुढं कॅलेंडर. मी सांगत गेले. ही टाकीजवळची. त्या दिवशी त्यांच्याकडं पितरं जेवत होती, आपल्याला खीर दिली, तुझ्या खिरीत माशी पडली. प्रगती म्हणाली, थांब, त्यांच्या सासऱ्याची तिथ हुती ती, म्हंजी बारा तारीख. ही दुसरी, पत्र्याच्या घरातली, तुला म्हणाली पोटात डावीकडं दुखतंय, तू म्हणलीस डाव्या कुशीवर झोपा. ही तिसरी, एकादशीच्या दिवशी...

आकडे मला येत नाहीत. पण वजन, बीपी, रक्त हे सगळं प्रत्येक बाईच्या कार्डावर सिस्टरनी लिहिलेलं असतं, ते कार्ड तिच्या घरी. डायरीत होतं ते बाकीचं — कवा गेलो, ती काय बोलली, आपण काय सांगितलं, पुढं काय बघायचं. ते बाकीचं माझ्याकडं होतं. अक्षर न येणाऱ्या माणसाला सगळं लक्षातच ठेवावं लागतं, दुसरीकडं ठेवायला जागा कुठं आहे.

उद्यापासून परत बारा घरं. या वेळी रेकॉर्ड बुक बरोबर न्यायचं आणि बाईच्या दारातच शाईनं लिहायचं.

६ ऑक्टोबर, सोमवार

आठ झाल्या. मी गाठ धरायची, तिनं लिहायचं. बायका माझ्याकडं बघून हसतात. एकजण म्हणाली, आजी, तुमी परीक्षेला बसताय का? म्हणलं, बसले तर पहिली येईन, म्हणून बसत नाही.

संध्याकाळी सर्जेराव ओट्यावर येऊन उभा राहिला, बुक उघडून बघत.  जाताना दिवा नीट लावून गेला आमच्यासाठी.

७ ऑक्टोबर, मंगळवार

अकरा झाल्या. बारावी नाही.

नदीकडच्या रानात गेलो तर तळच नाही. तीन चुलींचे दगड आणि लेंड्या. मी लेंडी फोडून बघितली, पाच-सहा दिवसांची. म्हणजे दसऱ्यालाच हलले, शिलंगणाच्या मुहूर्तावर. हौसरावचा फोन बंद. गावच्या आशा सेविकेलाही ठाऊक नाही.

प्रगतीनं दोरी हातात घेतली. बाराव्या गाठीतला पांढरा धागा बघितला. "हा कशाला बांधलास?"

"पायावरचा खड्डा भरून आला न्हाई तिचा. मेंढीचं असं झालं की मी बांधते."

तिनं धाग्यावर बोट ठेवलं. मग हळू म्हणाली, "नवमीला दहा वाजता हिच्याकडं जायचं हुतं मला. त्याचीच घंटी लावली हुती."

माझ्या हातातली काठी पडली. ती घंटी. मीच निजवली ती.

प्रगतीनं काठी उचलून माझ्या हातात दिली. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाली, "माझ्या डोक्यात राहायला पायजे हुतं, आजी. घंटीच्या भरवशावर बाई ठेवायची नसती."

आता मला ते रेकॉर्ड बुक दिसत नाही. ती पोरगी दिसते, आणि तिचे पाय.

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळीच सर्जेरावाला म्हणलं, मोटरसायकल काढ. तो म्हणाला, मेंढरांमागं कुठं हुडकायचं, दौंड तालुका काय अंगण हाय व्हय? म्हणलं, तुझा बाप त्याच वाटेनं चाळीस वर्षं गेला, तू त्याच वाटेवर मेंढराच्या जाळीत जल्मलास. मी वाट सांगते, तू चाक फिरव.

तिघं निघालो. मी मधे, मुटकुळं करून.

पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली. दसऱ्यानंतर मेंढरं कुठं जातात ते काही गुपित नाही. ज्याला कांदा लावायचाय तो रानात मेंढरं बसवून घेतो, लेंडीचं खत होतं. म्हणून नांगरलेलं, पण अजून कांदा न लावलेलं रान बघत जायचं. चौफुल्याच्या पुढं, पाटसच्या अलीकडं, एका विहिरीवर विचारलं. बाई म्हणाली, पलीकडं हायत. आणि मला लांबूनच हौसरावचं घोडं दिसलं, एक कान मोडलेलं.

पूनम घोंगडीवर पडली होती. तोंड सुजलेलं. मला ओळखलं, पण हसली नाही. म्हणाली, डोकं फुटतंय आजी, डोळ्यापुढं काजवे येत्यात.

प्रगतीनं दंडाला पट्टा बांधला, बघितलं, परत बांधून परत बघितलं. माझी पोर, चप्पल विसरून कॉलेजला जाणारी, त्या वेळेला एक गोष्ट विसरली नाही. उठून म्हणाली, "मामा, आत्ताच्या आत्ता दौंडला न्यायचं. मेंढरं लागायची वाट बघायची न्हाई."

हौसराव सर्जेरावाकडं बघायला लागला, बाप्यानं काहीतरी सांगावं म्हणून. सर्जेराव म्हणाला, "माझ्याकडं नका बघू. ती सांगती तसं करा."

तरी हौसराव उभाच. मग मी दोरी काढून त्याच्यापुढं धरली. म्हणलं, "हौसराव, हिच्या गाठीला पांढरा धागा हाय."

बीपी त्याला कळलं नव्हतं. हे कळलं. त्यानं विहिरीवरच्या पिकअपवाल्या पोराला हाकच मारली.

सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत प्रगतीनं तिचा हात सोडला नाही. डॉक्टरीणबाईंनी लगेच आत घेतलं. बाहेर येऊन प्रगतीला विचारलं, कुठल्या कॉलेजची तू? शिरूर, म्हणाली. बाई म्हणाल्या, आणखी एक दिवस थांबला असता तर मी काही सांगू शकले नसते.

रखमाजी डबा घेऊन आला. मी खाल्लं नाही. बाकावर बसून बारावी गाठ धरून ठेवली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मुलगी झाली. आई बरी आहे. पोर कोकराएवढी, काचेच्या पेटीत ठेवलीय. पण आवाज हौसरावाच्या घोड्यासारखा.

बिरोबा, तुझे उपकार. पांढरा धागा सोडला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

बुक दिलं. बाराच्या बारा.

मॅडमनी पानं चाळून विचारलं म्हणे, तारखा इतक्या बरोबर, बायकांचं बोलणं इतकं बारीक कसं लिहिलंस, डायरीतून का? प्रगती म्हणाली, नाही मॅडम, आजीतून. बाराव्या बाईचं पान मॅडमनी दोनदा वाचलं. परीक्षेचा फॉर्म भरून घेतला.

आज तिला कॉलेजला सर्जेरावानंच सोडलं. आणि कोरेगाव भीमाला फोन करून सांगितलं, पोरीची परीक्षा हाय, नंतर नोकरी हाय, मग बघू. आमच्या घरात "मग बघू" म्हणजे काय ते पाहुण्यांनाही कळलं असंल.

कुणाकुणाचे आभार मानू? रखमाजीचे, डायरीचे, दोरीचे. सुनेचे, आठ दिवस मला एक काम सांगितलं नाही. फक्त एक अडकतं. मी डायरी ठेवून घेऊन सेल काढले नसते, तर घंटी ऐकून पोर वॉर्डातून सुटल्यावर नवमीलाच पूनमकडं गेली असती. निभावलं म्हणून चूक पुसत नाही. ती माझ्या गाठीला आहे, राहू दे. एवढं चांगलं झाल्यावर तेवढं ओझं मला झेपेल.

डायरीत प्रगतीनं परत सगळ्या बायका भरल्यात. आता वहीतही लिहिते. आणि गंमत, तिच्या पिशवीत परवा काळ्या लोकरीचं गुंडाळं दिसलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

रखमाजी आला. ओवाळायला ताट हातात घेतलं, तर तो डायरी हातात घेऊन बसलेला. म्हणाला, "मला कोडंच पडलंय. चुकीचं बटन दाबून ह्यातलं काय जात न्हाई. दोन्ही सेल एकदम काढले तरच जातं. तेच तर मी जाताना सांगत हुतो."

ताटातली ज्योत हलली. सर्जेरावानं मान वर केली.

प्रगती लगेच म्हणाली, "आबा, आधी ओवाळून घ्या, तेल संपत आलंय दिव्यातलं."

दिवा तर काठोकाठ भरलेला होता. रखमाजीनं डायरी ठेवली. मी ओवाळलं. वाचले बाई.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी निघताना प्रगती डायरी खिशात घालत म्हणाली, "आजी, पुढच्या नवमीला बी हिची पूजा कर. फक्त सेल एकावेळी एकच काढ. आन् विड्याच्या पानावर हळद जरा कमी घाल."

विड्याचं पान या पानाशिवाय मी कुणाला सांगितलं नव्हतं.

हे पान तिच्या नावावर आहे म्हणे. मी बोलते ते तिच्याही फोनात उतरतं, पहिल्या दिवसापासून. बंद करायचं ती विसरली होती — दुसरं काय करणार! दसऱ्याच्या संध्याकाळी फोन हातात घेतला तेव्हा कळलं. म्हणजे दुसऱ्या दिवशी चहा घेऊन आली ती सगळं वाचून आली. पाय चेपत होती ती सगळं वाचून.

"बंद करू का आता?" विचारलं. म्हणलं, राहू दे.

प्रगे, चहा खरंच फार गोड झाला होता. तरी सगळा प्याले.

आणि ते कालवणाचं, तेवढं तुझ्या आईला सांग.